दोन हजार क्षयजंतूंचे जीनोम वाचताना: क्लाउडवर केलेल्या एका कामाची हकीकत

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या पुण्यातील छोट्या प्रयोगशाळेकडे क्षयजंतूंच्या १८४ नमुन्यांचा सिक्वेन्सिंग डेटा, म्हणजे जनुकीय अक्षरे यंत्राने वाचून मिळालेली माहिती, आला. हे नमुने पश्चिम महाराष्ट्रातील रुग्णांच्या थुंकीतून वाढवलेल्या कल्चरचे होते आणि त्यातील बहुतेक जंतू निदान एका तरी औषधाला दाद देत नव्हते. आम्हाला दोन गोष्टी शोधायच्या होत्या. पहिली म्हणजे कोणता जंतू कोणत्या औषधाला का दाद देत नाही, आणि दुसरी, तो प्रतिरोध त्या रुग्णाच्या शरीरात उपचार चालू असताना निर्माण झाला की आधीच प्रतिरोधी असलेला जंतू दुसऱ्या कुणाकडून त्याच्याकडे आला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ आपल्या नमुन्यांकडे पाहून देता येत नाही. त्यासाठी भारतात आणि शेजारच्या देशांत पूर्वी सिक्वेन्स झालेल्या व सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या जंतूंशी आपले नमुने ताडून पाहावे लागतात. असे १,९६० खुले नमुने आम्ही निवडले आणि तिथून हे सगळे काम क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांकडे गेले.

विषयाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. क्षयजंतूचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, सुमारे ४४ लाख अक्षरांचा असतो. एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतील वाणाचा संपूर्ण जीनोम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर तोच तुलनेसाठी प्रमाण म्हणून वापरतात. सिक्वेन्सिंगचे यंत्र हा जीनोम सलग वाचून देत नाही, तर त्याचे दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे देते. प्रत्येक तुकडा प्रमाण जीनोमवर त्याच्या जागी बसवायचा, आणि सगळे बसल्यावर कुठे अक्षर बदललेले आहे ते पाहायचे, हे संगणकाचे काम. औषधप्रतिरोधाचे रहस्य याच बदललेल्या अक्षरांत असते. अक्षर बदलल्याने आरपीओबी जनुकाच्या प्रथिनात ४५०व्या स्थानी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्यूसीन आले की रिफाम्पिसिन हे क्षयाचे प्रमुख औषध निकामी होते, आणि कॅटजी जनुकाच्या प्रथिनात ३१५व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनीन आले की आयसोनियाझिड या दुसऱ्या प्रमुख औषधाचा उपयोग राहत नाही. सरकारी दवाखान्यांत होणारी सीबीनॅट तपासणी दोन तासांत निकाल देते ही मोठीच सोय आहे, परंतु तिची मूळ चाचणी आरपीओबीमधील ८१ अक्षरांच्या पट्ट्यापुरतीच पाहते. कल्चरवरील पूर्ण औषधसंवेदनशीलता चाचणीला कित्येक आठवडे लागतात. संपूर्ण जीनोम वाचला तर सगळ्या औषधांबद्दलचा अंदाज एकाच वेळी येतो, आणि जंतूचे नातेसंबंधही कळतात.

आमच्याकडे सोळा कोअरचा, म्हणजे गणित करणारे सोळा घटक असलेला, एक चांगला संगणक होता आणि सुरुवातीला त्यावरच काम उरकेल असे मला वाटत होते. खुले नमुने अमेरिकेतील एनसीबीआय या संस्थेच्या एसआरए नावाच्या साठ्यात आहेत. एका नमुन्याची दाबून ठेवलेली फाइल सरासरी साडेतीनशे एमबीची, म्हणजे सर्व मिळून जवळजवळ ७०० जीबी. आमच्या इमारतीतील इंटरनेटचा प्रत्यक्ष मिळणारा वेग पाहता सलग अडीच-तीन दिवसांत ते उतरायला हवे होते. प्रत्यक्षात दर काही तासांनी जोडणी तुटत असे आणि अर्धवट उतरलेल्या फाइली शोधून पुन्हा मागवाव्या लागत. त्यात, एसआरएच्या फाइली उलगडणारे साधन त्या न दाबलेल्या स्वरूपात बाहेर काढते आणि मधल्या कामासाठी मूळ आकाराच्या कित्येक पट जागा घेते हे मी नीट वाचले नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी डिस्क काठोकाठ भरून सगळे काम थांबलेले आढळले, आणि तोवर जेमतेम तीनशे नमुने हाती आले होते. शिवाय एका नमुन्याच्या विश्लेषणाला अर्धा तास धरला तरी २,१४४ नमुन्यांना पंचेचाळीस दिवस लागणार होते, आणि पद्धतीत एक चूक सापडली की ते पंचेचाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागणार होते. माझ्या मार्गदर्शक मॅडम तेव्हा म्हणाल्या, “वेळ लागेल याची मला काळजी नाही. पण चूक दिसली तरी वेळ जाईल म्हणून आपण ती दुरुस्त करणार नाही, याची मला भीती वाटते.” क्लाउडवर जाण्याचा निर्णय खऱ्या अर्थाने या वाक्याने झाला.

पुण्यात राहून महासंगणकाचा विचार मनात येणार नाही असे होत नाही. परम मालिकेतील पहिला संगणक १९९१ मध्ये येथील सी-डॅक या सरकारी संगणनसंस्थेने तयार केला आणि परम ब्रह्म हा २०१९ पासून येथील आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत कार्यरत आहे. परंतु रेणूंच्या हालचालींचे किंवा हवामानाचे गणित, ज्यात हजारो प्रोसेसरांना एकमेकांशी सतत बोलावे लागते, ते महासंगणकाचे खरे क्षेत्र आहे. आमचे काम अगदी वेगळे, म्हणजे दोन हजार सुट्या कामांचे होते, आणि त्यातील कोणत्याच कामाला शेजारच्या कामाची गरज नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डेटा सात समुद्रांपलीकडे होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये स्ट्राइड्स हा उपक्रम सुरू केल्यानंतर एसआरएचा साठा ॲमेझॉन आणि गुगल यांच्या क्लाउडवरही ठेवण्यात आला, त्यामुळे त्याच ठिकाणी संगणक भाड्याने घेतला तर ७०० जीबी पुण्याला आणण्याचे कारणच उरत नाही. आपली पद्धत तिकडे पाठवायची, आणि परत आणायची ती फक्त बदललेल्या अक्षरांची यादी. ती एका नमुन्यामागे काहीशे केबींची असते.

हे समजायला एक संध्याकाळ पुरली. पैसे मंजूर व्हायला मात्र सात आठवडे गेले. संशोधन अनुदानात उपकरणे, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास आणि आकस्मिक खर्च अशी शीर्षे ठरलेली असतात. भाड्याचा संगणक यांपैकी कशात बसतो यावर लेखा विभागाशी बराच पत्रव्यवहार झाला. तेथील अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न, “वस्तू कुठे बसवणार आणि तिचा नोंदवही क्रमांक काय?” हा त्यांच्या नियमांप्रमाणे योग्यच होता, आणि वापरानुसार बदलणाऱ्या बिलासाठी आगाऊ तीन कोटेशने कशी आणायची याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते. शेवटी वीस नमुन्यांवर चाचणी करून प्रति नमुना खर्च काढला, त्यावरून कमाल मर्यादा लिहून दिली आणि रुपयांतील जीएसटी बिल मिळेल असे पत्र जोडले, तेव्हा हा खर्च आकस्मिक शीर्षाखाली मान्य झाला. अशा कामाला नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की प्रस्ताव लिहितानाच संगणनसेवा असा स्वतंत्र उल्लेख करून रक्कम मागावी.

त्या वीस नमुन्यांच्या चाचणीने आम्हाला खर्चाच्या अंदाजापलीकडे जे दाखवले ते मला या संपूर्ण कामातील सर्वांत मोलाचे वाटते. तेच वीस नमुने मी प्रयोगशाळेतील संगणकावर आणि क्लाउडवर, दोन्हीकडे चालवले. अठरा नमुन्यांचे निकाल तंतोतंत जुळले आणि दोन जुळले नाहीत. एकाच जंतूबद्दल एक संगणक बेडाक्विलिनला प्रतिरोध संभवतो असे सांगत होता आणि दुसरा त्याबद्दल काहीच म्हणत नव्हता. बेडाक्विलिन हे बहुऔषधप्रतिरोधी क्षयाच्या उपचारातील आजचे कळीचे औषध आहे, म्हणून असला फरक दुर्लक्षून पुढे जाणे शक्यच नव्हते. दोन दिवस मी तुकडे बसवण्याच्या पायरीवर शंका घेत राहिलो. प्रत्यक्षात बदललेली अक्षरे दोन्हीकडे सारखीच निघाली होती, वेगळा होता तो त्या अक्षरांचा अर्थ लावणारा तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिरोधाशी संबंधित उत्परिवर्तनांची, म्हणजे अशा अक्षरबदलांची, सूची २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, जीत बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधांबद्दल महत्त्वाची भर आहे. प्रयोगशाळेतील संगणकावर टीबी-प्रोफायलर या साधनाबरोबर जुना तक्ता बसलेला होता, तर क्लाउडवर ते साधन नव्याने बसवल्यामुळे तक्ताही नवा आला होता. म्हणजे यापूर्वी आम्ही काढलेल्या कित्येक निकालांसोबत, ते कोणत्या तक्त्यावरून काढले हे लिहून ठेवलेलेच नव्हते.

त्यानंतर कंटेनरशिवाय काहीही चालवायचे नाही असे आम्ही ठरवले. कंटेनर म्हणजे साधन, त्याची नेमकी आवृत्ती, त्याला लागणारी इतर साधने आणि तक्ते हे सगळे एकत्र बांधलेला डबा, जो कोणत्याही संगणकावर उघडला तरी आत तेच असते. आमचे सहा डबे झाले: तुकड्यांची गुणवत्ता पाहणारा, भेसळ शोधणारा, तुकडे बसवणारा, बदल टिपणारा, प्रतिरोधाचा अर्थ लावणारा आणि नात्यांचे अंतर मोजणारा. कोणता डबा कधी आणि कशानंतर उघडायचा हे सांगणारी सूत्रावली नेक्स्टफ्लो या कामांची साखळी चालवणाऱ्या साधनात लिहिली. डब्याचे नाव लिहिताना ‘लेटेस्ट’ असे कधीही लिहायचे नाही, कारण आजचे लेटेस्ट तीन महिन्यांनी वेगळे असते; त्याऐवजी डब्याचा न बदलणारा लांबलचक ओळखक्रमांक द्यायचा, हा नियम आम्ही भिंतीवर लिहून लावला. प्रत्येक तुकडीसोबत एच३७आरव्हीचा एक नमुना मुद्दाम चालवू लागलो, कारण त्यात प्रतिरोधाचे एकही उत्परिवर्तन निघता कामा नये. जीवशास्त्राच्या प्रयोगात नियंत्रण नमुना ठेवल्याशिवाय आपण ट्यूबला हात लावत नाही. संगणकावरील कामात तो आग्रह आम्ही इतकी वर्षे का धरला नव्हता, याची मला खंत वाटते.

आमच्या स्वतःच्या १८४ नमुन्यांचा प्रश्न वेगळा होता. क्षयजंतूचा जीनोम हा काही रुग्णाचा जीनोम नव्हे, त्यामुळे त्याला गोपनीयतेचे बंधन नाही असे सहज वाटू शकते. परंतु थुंकीतून वाढवलेल्या कल्चरमध्येही रुग्णाच्या पेशींतील डीएनएचे काही तुकडे उरतात आणि ते यंत्र इमानेइतबारे वाचते. आमच्या नमुन्यांत ते प्रमाण फारच थोडे होते, तथापि ते शून्य नव्हते. आचार समितीने परवानगी देताना नेमका हाच प्रश्न विचारला आणि तो विचारल्याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. त्यानुसार, मानवी जीनोमवर बसणारे सर्व तुकडे आधी प्रयोगशाळेतील संगणकावरच वेगळे करून पुसून टाकायचे आणि उरलेला केवळ जंतूंचा डेटाच बाहेर जाऊ द्यायचा असे ठरले. या कामाला अडीच दिवस लागले आणि त्यासाठी आमचा जुना संगणक पुरेसा होता. नावे, गावे, निक्षय क्रमांक (सरकारी क्षयनोंदणीतील रुग्णाचा क्रमांक) यांपैकी काहीही क्लाउडवर गेले नाही. तिथे गेला तो केवळ आम्ही दिलेला सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांकाची रुग्णाशी सांगड घालणारी वही उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच राहिली.

यातून कामाची दोन ठिकाणी विभागणी झाली. खुले नमुने अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात, जिथे त्यांची प्रत आधीच आहे तिथे चालवले. आमचे नमुने मुंबईच्या केंद्रात, कुलूपबंद साठ्यात आणि फक्त तिघांना प्रवेश ठेवून. दोन्हीकडे सूत्रावली आणि डबे अगदी तेच. शेवटी व्हर्जिनियाहून बदललेल्या अक्षरांच्या याद्या तेवढ्या मुंबईला आणल्या. साठा एका केंद्रात आणि संगणक दुसऱ्या केंद्रात ठेवला, तर प्रत्येक जीबीच्या ने-आणीचे पैसे मोजावे लागतात आणि वेळही जातो, हे नकाशा समोर ठेवून आधी आखले नाही तर बिल आल्यावरच कळते.

नव्या खात्यावर एका वेळी किती कोअर वापरता येतील याला सुरुवातीला बरीच कमी मर्यादा असते. आम्हाला एका वेळी ऐंशी नमुने, प्रत्येकी चार कोअर, म्हणजे ३२० कोअर हवे होते. तसा अर्ज कारणासहित केला आणि दोन दिवसांत मर्यादा वाढवून मिळाली. संगणक आम्ही स्पॉट प्रकारचे घेतले. क्लाउड कंपनीकडे त्या वेळी पडून असलेली यंत्रे या प्रकारात बऱ्याच कमी भाड्याने मिळतात, अट एवढीच की पूर्ण भाडे देणारा ग्राहक आला तर अवघ्या दोन मिनिटांची सूचना देऊन ती काढून घेतली जातात. सहा महिने चालणाऱ्या एका अखंड गणिताला हे परवडणार नाही. चाळीस-चाळीस मिनिटांच्या सुट्या कामांना मात्र हा सौदा उत्तम आहे, कारण एखादे काम तुटले तर तेवढेच पुन्हा करावे लागते.

मे महिन्यातील एका शुक्रवारी रात्री नऊ वाजता आम्ही १,९६० नमुने सोडले. पहिला तासभर मी पडद्यापुढून उठलो नाही. कामे पूर्ण झाल्याचे आकडे हळूहळू वाढत होते. मध्यरात्रीनंतर यंत्रे काढून घेतली जाऊ लागली आणि नऊ-दहा कामे तुटली, पण सूत्रावलीत तीन वेळा पुन्हा प्रयत्न करण्याची सूचना लिहिलेली असल्याने ती दुसऱ्या यंत्रांवर आपोआप सुरू झाली. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास शेवटचे काम संपले. आमच्या संगणकावर एकेचाळीस दिवस घेणारे काम सतरा तासांत झाले होते आणि प्रति नमुना खर्च पाच ते सहा रुपयांच्या दरम्यान आला होता. सोमवारी भेसळीच्या पायरीत आमची एक मर्यादा चुकीची लिहिली गेल्याचे सहकाऱ्याच्या लक्षात आले. आम्ही ती दुरुस्त केली आणि त्या पायरीपासून पुढचे सगळे काम त्याच रात्री पुन्हा चालवले. मॅडमना ज्याची भीती वाटत होती ते घडले नाही.

तरीही एक चूक महागात पडली आणि ती पूर्णपणे माझी होती. चाचणीच्या काळात मी काही यंत्रे हाताने सुरू केली होती आणि काम झाल्यावर ती बंदही केली होती. यंत्रासोबत घेतलेली डिस्क यंत्राबरोबर जावी अशी खूण मी केली नव्हती, त्यामुळे प्रत्येकी २०० जीबीच्या तीस रिकाम्या डिस्क आठ दिवस तशाच भाड्याने चालू राहिल्या. करासह सुमारे १२ हजार रुपये गेले, म्हणजे मुख्य विश्लेषणाला लागले त्याहून थोडे अधिकच. हा पैसा सार्वजनिक अनुदानाचा होता. त्या दिवसापासून, खर्चाची दैनंदिन मर्यादा ओलांडली की तिघांच्याही फोनवर सूचना यावी अशी व्यवस्था आधी करायची आणि मगच पहिले यंत्र सुरू करायचे, असा क्रम ठरला. आता हाताने कोणीही यंत्र सुरू करत नाही, जे काही उभे राहते ते सूत्रावलीच उभे करते आणि तीच मोडते.

निकालांकडे वळताना प्रथम ९७ खुले नमुने बाजूला काढावे लागले, कारण त्यांत दोन वेगळ्या जंतूंची सरमिसळ होती किंवा क्षयेतर मायकोबॅक्टेरियाची, म्हणजे क्षयजंतूच्या कुळातील पण क्षय न करणाऱ्या जंतूंची, भेसळ होती. जीनोमचा सुमारे दहावा हिस्सा व्यापणारी पीई आणि पीपीई ही जनुककुले इतकी पुनरावृत्तीची आहेत की आखूड तुकडे तिथे विश्वासाने बसत नाहीत, म्हणून तो भाग तुलनेतून वगळला. मग उरलेल्या नमुन्यांपैकी प्रत्येकाचे प्रत्येकाशी किती अक्षरांचे अंतर आहे ते मोजले, आणि या जोड्या वीस लाखांहून अधिक भरल्या. दोन जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर अलीकडचा संसर्ग संभवतो, आणि बारापेक्षा अधिक असेल तर तो नाही असे मानावे, ही मर्यादा या क्षेत्रात बरीच वापरली जाते. तिच्या आधारे पाहता, आमच्या नमुन्यांपैकी बहुतेकांना जवळचा नातेवाईक सापडला नाही. जे सापडले त्यांत तीन नमुन्यांचा एक गट होता. तिघांतही रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्हींना प्रतिरोध देणारी तीच उत्परिवर्तने होती आणि परस्परांतील अंतर शून्य, दोन आणि दोन अक्षरांचे होते. खुल्या साठ्यातील एकही जंतू त्यांच्या जवळपास नव्हता. खुल्या साठ्याशी ताडले नसते तर हा आपल्या भागात पसरलेला सर्वसाधारण वाण असेल, अशी शंका कायम राहिली असती.

ऑगस्टमध्ये ते तीन सांकेतिक क्रमांक आम्ही एका पाकिटातून डॉक्टरांकडे दिले. त्यांनी वही उघडून पाहिले, तेव्हा तिघांच्या उपचारांची नोंद वेगवेगळ्या केंद्रांवर आणि वेगवेगळ्या महिन्यांत झालेली होती, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी संबंध असेल असे कुणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. क्षयरोग कार्यक्रमाच्या कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन विचारपूस केल्यावर, दोघे एकाच यंत्रमागाच्या शेडमध्ये वेगवेगळ्या पाळ्यांत काम करत होते आणि तिसरी त्यांच्यापैकी एकाची बहीण होती, असे कळले. त्या शेडमधील इतर कामगारांची तपासणी पुढच्याच आठवड्यात सुरू झाली. नावे आम्हाला सांगितली गेली नाहीत, आणि आम्हीही ती विचारली नाहीत.